‘ग्राउंड’ या शब्दाची जमीन : अनेकार्थता, संदर्भ आणि अर्थनिर्णयाचे दायित्व

भंडारा जिल्ह्यात प्रथमच येणाऱ्या माणसाच्या कानी ‘मामा तलाव’ हे शब्द पडले, की हा कोणा मामाचा तलाव असावा असे त्याला वाटते. गावागणिक मामा तलाव आहे हे कळल्यावर तो बुचकळ्यात पडतो. पुढे कधीतरी सरकारी कागदावर ‘मा. मा. तलाव’ अशी अक्षरे दिसतात आणि उलगडा होतो. कोहळी समाजाच्या जाणकारांनी गोंड राजवटीच्या काळापासून बांधत आणलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ या प्रशासकीय विशेषणाची दोन आद्याक्षरे शेजारी बसून एक नाते तयार झाले. याच मुलखात ‘धुरा’ म्हणजे शेताचा बांध. पुण्यामुंबईच्या वाचकाला ‘धुरा’ ही संस्थेची किंवा पक्षाची सांभाळायची वस्तू वाटते. मोहाडी-तुमसरकडच्या शेतकऱ्याला धुऱ्यावरून झालेली भांडणे आठवतात. जिल्ह्याच्या नावाचीही तीच गत. जेजुरीच्या वाटेवर ‘भंडारा’ उधळला जातो, मठात ‘भंडारा’ जेवला जातो आणि वैनगंगेच्या काठी भंडारा हे गाव असते.

या उदाहरणांत कोणाचे काही बिघडत नाही. शब्दाला अनेक अर्थ असतात, त्यांतला इष्ट अर्थ शेजारच्या शब्दांवरून निवडावा, हे शालेय व्याकरण येथे पुरते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलालाही तेच सांगितले जाते. ‘बँक’ शब्द आला आणि पुढे नदी आली तर काठ समजावा, पैसे आले तर पेढी समजावी. शब्दावर अडू नये, वाक्य पुढे वाचावे. हा सल्ला व्यवहारात उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे. संदर्भ ही वस्तू वाचकाच्या आधीपासून, वाचकाच्या बाहेर, तयार स्थितीत पडलेली असते आणि वाचकाने केवळ तिच्याकडे नजर टाकायची असते, असे ते गृहीतक. शेजारी नदी आहे की पेढी, हे वादातीत असते तोवर ते टिकते. पण संदर्भच वादग्रस्त असला तर? शब्दाच्या भोवती कोठवरचा परिसर त्याचा संदर्भ म्हणून धरायचा हे कोणी ठरवायचे, आणि जो ठरवतो तो त्या ठरविण्याला उत्तरदायी असतो की नाही? हा प्रश्न भाषाशास्त्राचा जेवढा आहे तेवढाच नीतिशास्त्राचा आहे. त्याची अत्यंत कठोर परीक्षा याच जिल्ह्यात एका इंग्रजी शब्दाच्या बाबतीत झाली. तो शब्द ‘ग्राउंड’.

मराठी बोलण्यात ‘ग्राउंड’ आता परका राहिलेला नाही. शाळेचे ग्राउंड असते. पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यांतील मुले पहाटे उठून ‘ग्राउंड’ करतात, म्हणजे धावतात आणि गोळा फेकतात. इंग्रजीत या शब्दाचा पसारा पुष्कळच मोठा आहे. जमीन, मैदान, चित्राची पार्श्वभूमी, तळाशी बसलेला गाळ, आणि कारण किंवा आधार. मूळ जर्मानिक शब्दाचा अर्थ तळ, बूड, पाया असा. जमीन आणि कारण या दोन्ही फांद्या त्या एका बुंध्याच्या. जर्मन भाषेत ‘ग्रुंड’ हा शब्द आजही भूमी आणि कारण असे दोन्ही अर्थ वाहतो आणि हायडेगरने १९५७ च्या ‘डेर झाट्स फोम ग्रुंड’ या ग्रंथात या द्व्यर्थावरच आपले विवेचन उभे केले आहे. मराठीलाही हे सर्वस्वी अपरिचित नाही. ‘भूमिका’ हा शब्द भूमीपासूनच निघाला. माणूस जेथे उभा राहतो ती त्याची भूमिका, आणि तो जे म्हणतो त्याला आधार असणारे विचारही त्याची भूमिकाच.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चा आहे. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मधील पोटकलम (२), खंड (५) यात असे सांगितले होते की, दहा वर्षे किंवा अधिक कारावासाची शिक्षा असलेला भारतीय दंड संहितेखालील अपराध एखाद्याने, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे या ‘ग्राउंड’वर केला, तर त्याला जन्मठेप व्हावी. इंग्रजी शब्दयोजना होती ‘ऑन द ग्राउंड दॅट’. येथे ‘ग्राउंड’चा अर्थ मैदान नाही हे सांगायला शब्दकोश नको. प्रश्न तेथे संपत नाही, तेथे सुरू होतो. ‘कारण’ हा अर्थ निवडल्यावर त्या अर्थाच्या पोटात आणखी अर्थ निघतात. कारण म्हणजे हेतू? कारण म्हणजे एकमेव हेतू? की ज्याच्या आधाराने एखादी गोष्ट घडू शकली तो पाया?

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे वाचले. २०१७ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. घटनेआधी या कुटुंबाच्या शेतातून रस्ता नेण्यावरून वाद होता, आणि शेजारच्या गावातील त्यांच्या परिचिताला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात या कुटुंबाने साक्ष दिली होती. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. भंडारा येथील न्यायालयाने १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जणांना दोषी ठरविले आणि त्याच महिन्यात सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी दोषसिद्धी कायम ठेवून फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. हत्या सिद्ध झाली, शिक्षा झाली. मात्र अत्याचार प्रतिबंध अधिनियमाचे ते कलम दोन्ही न्यायालयांना लागू वाटले नाही. साक्षीमुळे निर्माण झालेला सूड हा हत्येमागचा हेतू होता, जात हे ‘ग्राउंड’ सिद्ध झाले नाही, असा निष्कर्षाचा गाभा होता.

येथे निकालाची कायदेशीर चिकित्सा करण्याचे प्रयोजन नाही; तो अधिकार वेगळ्या अभ्यासाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात दिसते ती वाचनाची एक कृती. एका अनेकार्थी शब्दाचे अर्थनिर्णयन झाले, त्यासाठी एक संदर्भ निश्चित करण्यात आला, आणि त्या निश्चितीचे परिणाम माणसांच्या जगण्यामरण्याशी निगडित होते. कवितेतल्या शब्दाचा अर्थ चुकला तर कविता पुन्हा वाचता येते.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने नियंत्रित होतो याची भारतीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध गणना भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात आहे. संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, अर्थ म्हणजे प्रयोजन, प्रकरण, लिंग म्हणजे सूचक खूण, अन्य शब्दाची सन्निधी, सामर्थ्य, औचित्य, देश, काल, व्यक्ती आणि स्वर. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या दुसऱ्या उल्लासात ही यादी घेतली आणि ती काव्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी बसली. यादी पाठ केली जाते, पण तिच्यातील विविधतेकडे क्वचितच लक्ष जाते. शेजारचा शब्द हा या चौदांपैकी एक. औचित्य, देश, काल, प्रयोजन, सामर्थ्य हे घटक वाक्याच्या बाहेरचे आहेत. शाळेत सांगितला जाणारा संदर्भ शब्दांचा असतो. भर्तृहरीचा संदर्भ शब्दांपासून निघून जगापर्यंत जातो. इंग्रजी न्यायव्यवहारातही शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा असे एक जुने लॅटिन सूत्र आहे, आणि ते साहचर्याच्या फार जवळ येते; परंतु ते बहुधा वाक्याच्या कुंपणातच वावरते.

या यादीतील ‘प्रकरण’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण तो स्वतःच अनेकार्थी आहे. भर्तृहरीच्या लेखी प्रकरण म्हणजे प्रसंग, ज्या संदर्भात बोलणे चालले आहे तो. ‘सैंधव आण’ असे म्हटले तर भोजनाच्या प्रसंगी मीठ आणावे आणि प्रवासाला निघताना घोडा आणावा, हे त्याचे परंपरागत उदाहरण. ग्रंथात प्रकरण म्हणजे अध्याय. न्यायालयात प्रकरण म्हणजे खटला. वृत्तपत्रांत प्रकरण म्हणजे गाजलेली भानगड. ‘खैरलांजी प्रकरण’ हे शब्द २००६ नंतर मराठीत रूढ झाले तेव्हा त्यात या सगळ्या अर्थांची गर्दी होती, आणि त्यातला भर्तृहरीचा अर्थ मात्र सर्वांत आधी निसटला. प्रकरण म्हणजे खटला असे समजले की त्याला सुरुवात आणि शेवट असतो, तारखा असतात, आरोपींची संख्या असते. प्रकरण म्हणजे संदर्भ असे समजले की त्याची सीमा आखावी लागते. एका अर्थी ते दस्त असते, दुसऱ्या अर्थी ते गाव असते.

‘संदर्भ’ या शब्दाची व्युत्पत्तीही याच दिशेने बोट दाखवते. ‘दृभ्’ म्हणजे गुंफणे, ओवणे. इंग्रजीतील समानार्थी शब्दाचे लॅटिन मूळही एकत्र विणण्याचेच आहे. दोन दूरच्या भाषांना संदर्भ ही सापडणारी नव्हे, विणली जाणारी गोष्ट वाटली हे लक्षणीय आहे. विणणारा असल्याशिवाय वीण नसते. देरिदाने १९७१ मधील एका व्याख्यानात संदर्भ कधीच पूर्णपणे भरता येत नाही, असे प्रतिपादले आणि त्यावर आपल्याकडील विद्यापीठीय चर्चेत बरेच पाणी वाहून गेले. त्या चर्चेतून एक सोयीस्कर निष्कर्ष मात्र काढला गेला, तो असा की संदर्भाला अंत नसेल तर कोणताही अर्थ चालतो. हा निष्कर्ष तर्काला धरून नाही. संदर्भ अपुरा असतो म्हणूनच कोठेतरी थांबावे लागते, आणि जेथे थांबलो तेथे का थांबलो हे सांगावे लागते. ज्याला सर्व संदर्भ आपोआप दिसतो त्याच्यावर जबाबदारी येत नाही. ज्याला निवडावे लागते त्याच्यावर येते.

आता पुन्हा कायद्याच्या वाक्याकडे वळू. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये भेदभावाला मनाई करताना जी शब्दयोजना आहे तीत ‘ग्राउंड’चे अनेकवचन आहे आणि त्याला लागूनच ‘ओन्ली’, म्हणजे ‘केवळ’, हा शब्द आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या केवळ कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असा त्याचा आशय. १९८९ च्या कायद्यातील वाक्यात ‘केवळ’ नाही. भर्तृहरीच्या यादीतील पहिले दोन घटक येथे अचानक जिवंत होतात. संसर्ग म्हणजे सोबत असणे आणि विप्रयोग म्हणजे सोबत नसणे. ‘शंखचक्र धारण करणारा हरि’ म्हटले की विष्णू समजतो. ‘शंखचक्राविना असलेला हरि’ म्हटले तरी विष्णूच समजतो, कारण ज्याच्यापाशी जे असू शकते त्याच्याच बाबतीत त्याचे नसणे सांगण्यात अर्थ असतो. ज्या विधिव्यवस्थेला ‘केवळ’ हा शब्द १९५० पासून ठाऊक होता तिने १९८९ मध्ये तो वापरला नाही, हे न वापरणे काही सांगते. (राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक याच भंडारा मतदारसंघातून लढविली होती आणि ते पराभूत झाले होते. हा योगायोग आहे, युक्तिवाद नव्हे.)

तरीही न्यायालयीन वाचनांत ‘केवळ’ पुन्हापुन्हा आत शिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ मधील एका निर्णयातही, केवळ जातीच्या ‘ग्राउंड’वर अपराध झाल्याचे दिसत नाही म्हणून या खंडाखालील दोषसिद्धी रद्द झाली. मीमांसकांच्या परिभाषेत हा अध्याहार झाला. वाक्यात नसलेला शब्द अर्थपूर्तीसाठी बाहेरून आणणे. अध्याहाराला मीमांसक मुभा देतात, पण त्याशिवाय वाक्य अपुरे राहत असेल तरच. शिवाय श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या या सहा प्रमाणांचा बलाबलक्रम जैमिनीने लावून दिला आहे. त्यात प्रत्यक्ष शब्द म्हणजे श्रुती सर्वांत बलवान. येथे प्रत्यक्ष शब्द ‘केवळ’विना पूर्ण होता.

मराठीत हा प्रश्न आणखी निराळ्या रीतीने उघडतो. ‘ऑन द ग्राउंड दॅट’ याचे सहज मराठी कोणते? ‘आधारावर’ म्हणावे तर पुस्तकी वाटते, ‘कारणावरून’ म्हणावे तर हेतूकडे झुकते. बोलीत एकच शब्द येतो : ‘म्हणून’. ‘दलित म्हणून मारले’ असे गावात कोणीही म्हणेल. या ‘म्हणून’ला दोन अर्थ आहेत आणि ते व्याकरणदृष्ट्या वेगळे आहेत. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात तो कार्यकारणसंबंध सांगतो. ‘तो शिक्षक म्हणून काम करतो’ यात कारण नाही. कोणत्या नात्याने, कोणत्या स्थानावरून, हे सांगणे आहे. ‘दलित म्हणून मारले’ याचा पहिला अर्थ, ते दलित असल्यामुळे मारले. दुसरा अर्थ, मारताना त्यांना दलित या स्थानावर ठेवूनच मारले. ज्यांना असे मारता येते अशांपैकी एक म्हणून मारले. पहिल्या अर्थी जात हा हेतू आहे. दुसऱ्या अर्थी हेतू दुसरा काहीही असू शकतो, धुरा, रस्ता, साक्ष, जुने वैर. जात त्या कृत्याची शक्यता आहे, तिचा तळ आहे. ‘ग्राउंड’चा मूळ अर्थ तळ हाच होता हे येथे आठवते.

‘सूड’ हा शब्दही वाटतो तितका स्वयंपूर्ण नाही. सूड कशाचा? साक्षीचा. मग साक्ष देणे कोणी दिली असता सहन होते आणि कोणी दिली असता गावाला असह्य होते, हा प्रश्न सूड या शब्दाच्या आतच बसलेला आहे. बरोबरीच्या माणसाने साक्ष दिली तर वैर उत्पन्न होते. ज्याने बोलू नये अशी अपेक्षा आहे त्याने साक्ष दिली तर वैरासोबत संतापाचा आणखी एक थर उत्पन्न होतो. हा थर हत्येत होता की नव्हता, हे पुराव्याने ठरावे. परंतु ‘सूड होता, म्हणून जात नव्हती’ या विधानातील ‘म्हणून’ तपासावाच लागतो. सूड आणि जात हे परस्परांना वगळणारे पर्याय आहेत असे त्यात धरून चाललेले असते. तसे धरले की जात ही कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तशी आगंतुक ठरते.

मराठी माणूस नित्याच्या बोलण्यात ‘निमित्त’ आणि ‘कारण’ यांत फरक करतो. आजारी माणूस दगावला तर ‘ताप निमित्ताला आला’ म्हणतात. न्यायदर्शनात घडा होण्यास माती समवायी कारण आणि कुंभार निमित्त कारण. दोन्ही कारणेच, पण एका जातीची नव्हेत. कुंभाराने घडा केला हे सिद्ध झाल्याने तो मातीचा नव्हता असे सिद्ध होत नाही. फौजदारी न्यायाला स्वभावतःच कुंभारात रस असतो. कोणी केले, कोणत्या इराद्याने केले. ‘ग्राउंड’ हा शब्द त्या वाक्यात घातला गेला तो मातीविषयी काही विचारता यावे यासाठी, असे म्हणायला जागा आहे.

आता या मांडणीवरील सर्वांत गंभीर आक्षेप. दंडविधीचे वाक्य कवितेसारखे वाचता येत नाही. मम्मटाला संयोगादींनी नियंत्रित झालेल्या अर्थापलीकडे उरणारा दुसरा अर्थ व्यंजनेने मिळतो आणि त्यात आनंद असतो. एम्पसनने १९३० मध्ये अनेकार्थतेचे सात प्रकार लावून दाखविले तेव्हा तिला काव्याचे बळ मानले गेले. आरोपीच्या दृष्टीने मात्र अनेकार्थता हे संकट आहे. ज्या शब्दाचा अर्थ निश्चित नाही त्याच्या आधारे माणसाला जन्मभर कोंडणे हा अन्याय आहे, आणि म्हणून दंडविधीतील संदिग्धतेचा लाभ आरोपीला द्यावा हा नियम सुसंस्कृत न्यायव्यवस्थांनी मोठी किंमत देऊन मिळविलेला आहे. शिवाय संदर्भ गावापर्यंत, समाजापर्यंत, इतिहासापर्यंत वाढवीत नेला तर व्यक्तीचा अपराध त्यात विरघळतो. सारी जातिव्यवस्थाच आरोपी झाली की समोर उभा असलेला आरोपी तिचे केवळ एक उपकरण उरतो, आणि मग त्यालाही शिक्षा कशाची करायची? हा आक्षेप शब्दच्छल म्हणून झटकता येत नाही. संदर्भाच्या विस्ताराला उदारमतवाद समजणाऱ्या समीक्षकांनी तो विशेष गांभीर्याने घ्यावा.

तो मान्य करूनही एक भेद राहतो. शब्दाचा अर्थ काय, हा एक प्रश्न. त्या अर्थाची घटना घडल्याचे सिद्ध झाले काय, हा दुसरा. आरोपीला मिळणारा संशयाचा फायदा प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाच्या अंगणातला आहे. पहिल्या प्रश्नाचे संकुचित उत्तर हळूच दुसऱ्यावर सत्ता गाजवते, ही खरी अडचण आहे. ‘ग्राउंड’ म्हणजे एकमेव हेतू असे ठरले, की हल्ल्याच्या क्षणी जातिवाचक शिवी उच्चारली गेली की नाही एवढाच पुरावा पुरावा ठरतो आणि साक्षीदारांना तेवढेच विचारले जाते. ‘ग्राउंड’ म्हणजे आधार असे ठरले असते तर वेगळ्या गोष्टी विचाराव्या लागल्या असत्या : रस्ता नेमका कोणाच्या शेतातून नेता येतो, घर कोणाला कसे बांधता येते, जमाव जमला तेव्हा उरलेले गाव काय करीत होते. त्यांची उत्तरे आरोपींच्या बाजूनेही जाऊ शकली असती. पण जे विचारलेच गेले नाही त्याच्याबद्दल ‘सिद्ध झाले नाही’ असे म्हणणे हे अर्धे सत्य आहे. अर्थाची निवड पुराव्याच्या मागून येत नाही, आधी येते; वाचकाचे दायित्व म्हणतात ते या ‘आधी’पाशी असते.

हा भेद कल्पनेतला नाही हे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निर्णयाने दिसून आले. २७ एप्रिल २०२१ रोजी पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात, अनुसूचित जातीतील एका अंध तरुणीवरील बलात्काराचा विचार करताना, न्यायालयाने ‘ग्राउंड’ म्हणजे ‘केवळ त्याच ग्राउंडवर’ असे वाचण्यास नकार दिला. स्त्री असणे, अंध असणे आणि जात यांचे पदर एकमेकांत गुंतलेले असतात. अनेक कारणांपैकी जात हे एक असले तरी ते ‘ग्राउंड’ असू शकते, असा त्या विवेचनाचा रोख आहे. आणि एवढे म्हणून झाल्यावर त्याच निर्णयात, या विशिष्ट खटल्यात जातीचा संबंध दाखविणारा स्वतंत्र पुरावा नाही म्हणून अत्याचार अधिनियमाखालील दोषसिद्धी रद्द करण्यात आली. बलात्काराची शिक्षा कायम राहिली. वरवर पाहता हा अंतर्विरोध वाटतो. पण शब्दाचा अर्थ रुंद करूनही सिद्धतेची अट सैल न करता येते, हे त्यातून दिसते; अर्थात ज्या खटल्यात अर्थ रुंद झाला त्याचा पुरावा आधीच्या अरुंद अर्थाच्या काळात गोळा झाला होता, ही खंत उरतेच.

दरम्यान कायद्यातील शब्दच बदलला होता. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने या खंडातील ‘ऑन द ग्राउंड दॅट’ काढून त्या जागी ‘नोइंग दॅट’, म्हणजे पीडित व्यक्ती त्या जातीची किंवा जमातीची आहे हे माहीत असताना, असे शब्द घातले. कलम ८ मध्ये अशी भरही घातली गेली की आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल तर त्याला त्यांची जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करावे. अर्थनिर्णयाच्या वादाला कंटाळून विधिमंडळाने शब्दच बदलावा, हे एका अर्थी वाचकांचा पराभव मान्य करणे आहे. ‘आधार’ हा तत्त्वज्ञानाचा शब्द गेला आणि ‘माहिती’ हा व्यवहाराचा शब्द आला. खेड्यात कोणाची जात कोणाला माहीत नसते? ज्या गावात घर कोणत्या टोकाला आहे यावरूनच जात कळते तेथे ‘माहीत नव्हते’ असे म्हणणे अवघड आहे.

पण ‘जाणणे’ हाही सरळ शब्द नाही. माहीत असणे, जाणीव असणे, जाणून असणे आणि जाणूनबुजून करणे यांत मराठीने चार पायऱ्या केल्या आहेत. जात नुसती ठाऊक असणे आणि त्या ठाऊक असण्याच्या भरवशावर हात उगारणे यांतील अंतर नव्या शब्दाने पुसले जाते. ते पुसले जावे हाच कदाचित उद्देश असेल. अंतर मोजण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले होते त्यांनी ते फारच बारीक मापाने मोजले, असे विधिमंडळाला वाटले असावे. उद्या एखाद्या शहरातील खटल्यात, जेथे आरोपी आणि पीडित एकमेकांना चार दिवसांपासूनच ओळखतात, ‘नोइंग’चा अर्थ लावायची वेळ येईल तेव्हा हीच चर्चा दुसऱ्या शब्दावरून सुरू होईल.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २० प्रमाणे अपराध घडला त्या वेळी अमलात असलेल्या कायद्यापेक्षा अधिक शिक्षा कोणालाही देता येत नाही. त्यामुळे २००६ च्या सप्टेंबरात मोहाडी तालुक्यात जे घडले त्याच्यापुरता जुनाच शब्द लागू आहे, आणि तो भंडाऱ्याच्या व नागपूरच्या न्यायालयांनी जसा वाचला तसा त्यांच्या दप्तरात वाचलेला आहे.